झाडीपट्टीच्या मंचावरील स्वस्त गिटार आणि तिच्या पोटातील तारजोडणी

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य लाकडाचे दिसते. परंतु भरीव अंगाच्या गिटारमध्ये तारेच्या कंपनापासून लाउडस्पीकरपर्यंतचा ध्वनीचा सगळा प्रवास विजेच्या परिपथातून होतो, आणि कमी किमतीच्या गिटारमध्ये उत्पादकाने सर्वांत जास्त काटकसर याच परिपथात केलेली असते. लाकूड कापणारी यंत्रे आता इतकी अचूक झाली आहेत की स्वस्त गिटारचीही मान सरळ आणि फ्रेट बऱ्यापैकी समतल येतात. आत मात्र बारीक तारा, हलके पॉट, पत्र्याचा पातळ जॅक आणि घाईने केलेले सोल्डरिंग असते. हे सर्व सुटे भाग थोड्या खर्चात बदलता येतात, आणि बदलल्यानंतर त्याच लाकडाची गिटार पुष्कळ वर्षे विश्वासाने वाजते. असे काम हाती घेणारे बहुतेक जण प्रथम पिकअप बदलण्याचा विचार करतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन त्याच्या उलट आहे: चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जिथे वाद्य उन्हाळ्यातील कडक ताप, पावसाळ्यातील दमट हवा आणि उघड्या मैदानावरील तात्पुरती वीज या तिन्हींना तोंड देते, तिथे आधी अर्थजोडणी व आवरण, मग जॅक, स्विच आणि पॉट, आणि सर्वांत शेवटी पिकअप हाच क्रम योग्य ठरतो.

या परिपथाचे मूळ मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते, हे ते तत्त्व. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली, केसापेक्षाही बारीक अशी लाखेचा लेप दिलेली तांब्याची तार. या तारेची जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर असते आणि एका वेटोळ्यात तिचे सात-आठ हजार वेढे असतात. वर ताणलेली पोलादी तार चुंबकामुळे स्वतः चुंबकित होते आणि ती कंप पावू लागली की खालचे क्षेत्र तितक्याच वेळा बदलते. जॉर्ज बोशँप याने १९३१ च्या सुमारास या तत्त्वावर बांधलेली गिटार पुढे रिकनबॅकर या नावाने विकली गेली, आणि आजच्या स्वस्तातल्या स्वस्त गिटारमध्येही मूलतः तीच रचना आहे. पितळी किंवा नायलॉनच्या तारेवर हा पिकअप काम करत नाही, कारण त्या तारेला चुंबकत्व येत नाही.

पिकअपमधून निघणारा संकेत एखाद्या व्होल्टच्या काही दशांशांइतकाच असतो. त्यामुळे आसपासच्या वीजवाहिन्यांतून वेटोळ्यात आणि तारांत शिरणारा परका संकेत त्याच्या तुलनेत मुळीच नगण्य राहत नाही. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झ वारंवारतेच्या प्रत्यावर्ती धारेचा असल्याने अॅम्प्लिफायरमधून येणारी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झची, म्हणजे खर्जातली असते, तर दिव्यांच्या डिमरमधून येणारा आवाज त्याहून पुष्कळ वरच्या पट्टीतला आणि किरकिरणारा असतो. डिमर विजेची लहर प्रत्येक आवर्तनात मधूनच कापतो आणि त्या तीक्ष्ण कापामुळे उच्च वारंवारता निर्माण होतात, हे त्याचे कारण.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा मंच हा अशा गोंगाटाचा उत्तम नमुना आहे. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालणाऱ्या हंगामात, मंडई नावाच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने, गावोगावी रात्रभर नाटके होतात; देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्यांतील नाटक कंपन्यांचे मुख्य केंद्र आहे, आणि या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्याने तिचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. या नाटकांत संगीताला मोठे स्थान आहे. ऑर्गन, तबला आणि ढोलक ही तेथील जुनी वाद्ये, त्यांच्या जोडीला पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, आणि लग्नसमारंभांतील ऑर्केस्ट्रांमध्ये गिटारही असते. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे असले, तरी धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात वीज येते ती पुष्कळदा जनरेटरवरून आणि जमिनीवर पसरलेल्या लांब तात्पुरत्या वायरीतून. दिवे, डिमर, माइक आणि अॅम्प्लिफायर असे सगळे एकाच फळीवर जोडलेले असते. घरी एकट्याने वाजवताना सुसह्य वाटणारी गिटार अशा मंचावर सूर सोडण्याआधीच गुणगुणू लागते.

या गुणगुणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांवरचे उपाय वेगळे असल्याने त्यांतील फरक आधी ओळखावा लागतो. पहिला प्रकार विद्युत क्षेत्राचा. जवळची वीजवाहक वायर आणि गिटारमधील उघड्या तारा यांच्यामध्ये हवेतूनच अत्यल्प धारिता तयार होते आणि तीतून संकेत आत झिरपतो. वादकाचे शरीरही मोठ्या अँटेनासारखे हा संकेत गोळा करून गिटारपर्यंत आणते. दुसरा प्रकार चुंबकीय क्षेत्राचा. अॅम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर किंवा जड भार वाहणारी वायर यांच्याभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या वेटोळ्यात थेट विभवांतर निर्माण करते. परीक्षा सोपी आहे. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर तो विद्युत क्षेत्राचा समजावा; गिटार हातात धरून जागच्या जागी वळल्यावर आवाज वाढत-कमी होत असेल तर तो चुंबकीय क्षेत्राचा. तांब्याचे पातळ आवरण पहिल्या प्रकाराला जवळजवळ पूर्ण थोपवते, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे ते निरुपयोगी असते. ही गोष्ट न कळल्यामुळे अनेक जण गिटारभर तांब्याची पट्टी चिकटवून निराश होतात.

आवरणाचे काम असे. पिकअप, पॉट आणि स्विच बसवण्यासाठी लाकडात कोरलेल्या खोबणीच्या तळाला व भिंतींना तांब्याची पातळ चिकटपट्टी लावायची, तिचे काठ वरच्या झाकणाखालीही थोडे वळवायचे आणि प्लास्टिकच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तशीच पट्टी लावायची, म्हणजे झाकण बसल्यावर चारही बाजूंनी बंद अशी धातूची पेटी तयार होते. बाजारातील प्रत्येक पट्टीचा गोंद वीज वाहून नेणारा नसतो, म्हणून दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे सोल्डरचा एकेक ठिपका देणे शहाणपणाचे असते. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून खोबणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीप येतो का ते तपासायचे आणि ही सगळी पेटी एका तारेने पॉटच्या पाठीवरील अर्थच्या बिंदूशी जोडायची. ती जोडली नाही तर आवरण स्वतःच अँटेना होऊन आवाज वाढवते. काही कारखाने खोबणीला ग्रॅफाइटयुक्त काळा रंग देतात. स्वस्त गिटारमध्ये तो रंग इतका विरळ असतो की मीटर कधी कधी काहीच दाखवत नाही.

आवरणाइतकीच महत्त्वाची आणि पुष्कळदा तुटलेली सापडणारी जोडणी म्हणजे ब्रिजकडे जाणारी अर्थची तार. स्प्रिंगच्या ट्रेमोलोच्या गिटारमध्ये ती मागच्या बाजूला स्प्रिंग अडकवलेल्या पत्र्याला सोल्डर केलेली असते, तर स्थिर ब्रिजच्या गिटारमध्ये ती नुसती ब्रिजखाली दाबलेली असते आणि लाकूड आकसले-फुगले की सैल होते. ती शाबूत असली तर तारांवर हात ठेवताच वादकाचे शरीर अर्थशी जोडले जाते आणि त्याच्यामार्फत येणारी गुणगुण थांबते. पत्रा मोठा आणि थंड असल्याने लहान सोल्डरिंग लोखंडाने तिथे जोड पक्का बसत नाही. पत्रा आधी कानशीने घासून, पुरेशा तापलेल्या जाड टोकाने तो तापवून मगच सोल्डर सोडावे लागते.

याच तारेमुळे एक धोका उद्भवतो आणि त्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात, आणि तो सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीशी जोडलेला असणे अपेक्षित असते. मंडपात अर्थची पिन काढून टाकलेला प्लग, दोन पिनांची लांब वायर किंवा अर्थच नसलेला बोर्ड वापरला आणि अॅम्प्लिफायरमध्ये फेज सांगाड्याला टेकली, तर गिटारच्या तारांवर २३० व्होल्ट येतात. वादकाचे ओठ त्याच वेळी दुसऱ्या पुरवठ्यावरील, अर्थ असलेल्या माइकला लागले तर धारा हातातून छातीमार्गे वाहते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे मंचावर माइकला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मृत्यू पावला. गुणगुण जाते म्हणून अर्थची पिन कापण्याचा सल्ला ध्वनियंत्रणेच्या धंद्यात अजूनही दिला जातो. तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. जनरेटरवर काम असेल तर जमिनीत अर्थचा रॉड ठोकून जनरेटरचा न्यूट्रल आणि सांगाडा त्याला जोडलेला असावा आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लावलेला असावा, कारण न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसेल तर गळती झालेल्या धारेला जमिनीतून परतण्याचा मार्ग राहत नाही आणि हे उपकरण दोष ओळखूच शकत नाही. ही मांडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञानेच करावी. वादकाच्या हाती असलेली तपासणी एवढीच की कार्यक्रमापूर्वी मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर ठेवून त्याच्या सळ्या, त्यांच्या प्लास्टिकच्या भागाला धरून, एक गिटारच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावावी. किरकोळ गळतीमुळे मीटर काही व्होल्ट दाखवू शकतो, परंतु शेकड्याच्या घरातले वाचन आले तर दोष सापडेपर्यंत वाजवू नये. बॅटरीवर चालणारा बिनतारी ट्रान्समीटर गिटार आणि अॅम्प्लिफायर यांमधला धातूचा दुवाच तोडतो, म्हणून जिथे मंडपातील विजेची खात्री देता येत नाही अशा ठिकाणी तो पैशाचा सर्वोत्तम उपयोग ठरतो.

यानंतर हलत्या भागांकडे वळावे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि त्यानंतर लगेच पावसाळा येतो, तेव्हा वैनगंगेच्या खोऱ्यात आठवडेच्या आठवडे हवा दमट राहते. स्विचच्या पत्र्यावरील पातळ मुलामा उडालेला असला की या हवेत त्यावर गंज आणि ऑक्साइडचा थर चढतो आणि स्विच फिरवताना आवाज मधेच जातो. स्वस्त गिटारमधील पाच स्थितींचा स्विच बहुधा प्लास्टिकच्या डबीत बंद, छापील पट्टीवर बसवलेला असतो, त्यामुळे आत स्वच्छ करायला जागाच नसते. उघड्या सांगाड्याचा, स्प्रिंग आणि पात्या दिसतात असा स्विच थोडा महाग असला तरी कॉन्टॅक्ट क्लीनरने वर्षानुवर्षे स्वच्छ करता येतो. तो उंचीला जास्त असल्याने खोबणीची खोली आधी मोजून घ्यावी. जॅकची गोष्टही अशीच आहे. ६.३५ मिलिमीटरचा हा जॅक एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीवरून आलेला असून त्याचे सगळे काम एका वाकवलेल्या पातीच्या दाबावर चालते. ती पाती मऊ पत्र्याची असली की काही महिन्यांत सैल पडते आणि केबल हलताच खरखर होते. पक्क्या पोलादी पातीचा उघडा जॅक हा संपूर्ण दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लाभदायक भाग आहे. फक्त जॅक बसवताना तो झाकणाबरोबर गोल फिरणार नाही अशी नट घट्ट करावी, कारण आतील तारा तुटण्याचे मुख्य कारण हे फिरणेच असते.

पॉट, म्हणजे आवाज आणि सुराची झळाळी कमी-जास्त करणारा बदलता रोध, निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली त्याचे मूल्य. एका वेटोळ्याच्या पिकअपला २५० किलोओहम आणि दोन वेटोळ्यांच्या पिकअपला ५०० किलोओहम हा रूढ संकेत आहे, कारण पॉट पिकअपवर भार टाकतो आणि रोध जितका कमी तितकी उच्च स्वरांची धार बोथट होते. छापलेले मूल्य आणि खरे मूल्य यांत २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, त्यामुळे दुकानात दोन-चार नग मीटरवर मोजून घेणे योग्य. दुसरी गोष्ट म्हणजे फिरवण्याची चाल. बी अक्षराचा पॉट फिरवल्याच्या प्रमाणात रोध बदलतो. परंतु मानवी कान प्रबलतेचा बदल प्रमाणात नव्हे तर पटीत मोजतो, म्हणून अशा पॉटवर सगळा ऐकू येणारा फरक शेवटच्या थोड्याशा फेरीत गोळा होतो. ए अक्षराचा पॉट मध्यावर असताना रोधाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भागच वापरात असतो आणि कानाला ती चाल समान वाटते. स्वस्त गिटारमध्ये पुष्कळदा १६ मिलिमीटरचे छोटे पॉट असतात. २४ मिलिमीटरचे मोठे बसवायचे तर छिद्र सुमारे ८ वरून साडेनऊ मिलिमीटरपर्यंत वाढवावे लागते, आणि जुनी बटणे नव्या दांड्यावर नीट बसत नाहीत, कारण दात्यांची संख्या वेगळी असते. चांगल्या प्रतीचा छोटा पॉटही तितकाच कामाचा आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे लाकूड पोखरण्याची वेळ येत नाही.

कंडेन्सरविषयी गिटारवादकांत जेवढी श्रद्धा आहे तेवढी तिला कारणे नाहीत. टोनचा पॉट आणि कंडेन्सर मिळून उच्च वारंवारतेला अर्थकडे जाण्याची वाट देतात, आणि ती वाट किती रुंद हे कंडेन्सरच्या धारितेवर ठरते. त्यावर ४७३ लिहिलेले असेल तर ४७ पुढे तीन शून्ये इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ असेल तर ०.०२२. चंद्रपुरात किंवा नागपुरात रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काही रुपयांना मिळणारा पॉलिस्टरचा कंडेन्सर आणि परदेशातून मागवलेला जुना, तेलात भिजवलेल्या कागदाचा कंडेन्सर यांची मोजलेली धारिता सारखी असेल, तर इतक्या क्षीण संकेतावर त्यांच्या आवाजात कानाला फरक जाणवण्याचे कारण उरत नाही. त्यापेक्षा केबलचा परिणाम मोठा आहे. पिकअपचे वेटोळे आणि केबलची धारिता मिळून एक अनुनादी परिपथ बनतो, ज्यात एका विशिष्ट वारंवारतेला उठाव मिळतो. केबलची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली, पिकअपची प्रवर्तकता २.५ हेन्री आणि त्याची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर ३ मीटरच्या केबलला हा उठाव सुमारे ५,००० हर्ट्झवर आणि ६ मीटरच्या केबलला सुमारे ३,८०० हर्ट्झवर येतो. नुसती केबल बदलल्याने गिटार चमकदार किंवा मवाळ वाटते याचे रहस्य एवढेच आहे, आणि पिकअपवर पैसे घालण्याआधी आखूड केबल लावून पाहण्याचा सल्ला यातूनच निघतो.

सोल्डरिंगला वेगळा वेळ द्यायला हवा. कथील आणि शिसे यांचे ६०:४० मिश्रण १९० अंशांच्या आसपास वितळते, पण पॉटच्या पाठीसारखा मोठा धातू उष्णता पिऊन घेत असल्याने लोखंडाचे टोक ३५० अंशांच्या जवळ असावे लागते. नियम असा की धातू तापवायचा आणि तापलेल्या धातूवर सोल्डर वितळू द्यायचे. लोखंडावर सोल्डर वितळवून ते थंड धातूवर टेकवले तर वरून गोळा बसलेला दिसतो आणि आत ड्राय सोल्डर राहते, जे महिन्या-दोन महिन्यांनी वाहनाच्या धक्क्यांनी सुटते. झाडीपट्टीत एका गावाहून दुसऱ्या गावी रात्री-अपरात्री टेम्पोतून सामान नेले जाते, त्या प्रवासात असाच जोड प्रथम दगा देतो. चांगला जोड गुळगुळीत, चकचकीत आणि काठांशी धातूत मिसळून गेलेला दिसतो. शिसे असलेल्या मिश्रणाचा धूर टाळावा आणि काम संपल्यावर हात धुवावेत. पिकअपच्या तारांवर दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लोखंड ठेवू नये, कारण उष्णता आत जाऊन वेटोळ्याचे टोक निखळू शकते.

एवढे झाल्यावर उरलेली गुणगुण चुंबकीय क्षेत्राचीच असेल, तर पिकअप बदलण्याला अर्थ आहे. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ साली अर्ज करून १९५९ साली पेटंट मिळवलेल्या हंबकरमध्ये दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळलेली आणि त्यांची चुंबकीय ध्रुवताही उलट ठेवलेली असते, त्यामुळे तारेचे संकेत एकमेकांत मिळतात आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकीला रद्द करते. तीन एकेरी पिकअपांच्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असला तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थितीत हाच लाभ फुकट मिळतो. स्वस्त गिटारमध्ये तो तसा असतोच असे नाही. एकेरी पिकअपच्याच खाचेत बसणारे, एकावर एक किंवा शेजारी-शेजारी दोन वेटोळ्यांचे पिकअप मिळतात आणि मंडपातील वाजवण्याला तेच सोयीचे. स्वस्त पिकअपमध्ये पोलादी खिळ्यांखाली चिनी मातीसारखा ठिसूळ, सिरॅमिक चुंबक चिकटवलेला असतो, तर महागात खिळेच अॅल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टयुक्त मिश्रधातूचे चुंबक असतात. या दोहोंच्या आवाजात फरक आहे, पण सिरॅमिक म्हणजे वाईट असे मानणे चुकीचे आहे. पिकअप तारांपासून एक-दोन मिलिमीटर खाली-वर करून त्याच पिकअपचा स्वभाव पुष्कळ बदलता येतो, आणि त्यासाठी दोन स्क्रू फिरवण्याशिवाय काही करावे लागत नाही.

हे सारे ज्ञान गिटारपुरते मर्यादित नाही. मुंबई आणि कोकणातील मिरवणुकांत बेंजो म्हणून वाजणारे वाद्य हे मुळात बुलबुलतरंग असून त्याचे पूर्वज जपानी ताइशोगोतो हे १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता याने घडवले. त्याच्या पोलादी तारांखाली पिकअप बसवून, एक पॉट आणि एक जॅक लावून ते मोठ्या आवाजाच्या पथकांत आले. २०१६ साली रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या 'बँजो' या हिंदी चित्रपटात मुंबईच्या वस्तीतील अशाच वादकांचे जग आहे. बेंजोच्या लाकडी पेटीत खोबणी मोठी असल्याने तांब्याची पट्टी लावणे गिटारपेक्षा सोपे जाते, आणि तारांच्या खुंट्यांना अर्थची तार जोडलेली आहे का हे तेथेही पहिल्यांदा पाहावे लागते.

कामाला योग्य काळ पावसाळा संपल्यानंतरचा आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीचा, कारण तेव्हा लाकूड आणि खोबणी कोरडी झालेली असतात आणि चिकटपट्टी धरते. जुने भाग काढण्यापूर्वी प्रत्येक तारेचा रंग आणि ती कुठून कुठे जाते हे कागदावर काढून ठेवावे. काम पूर्ण झाल्यावर नव्या जोडणीची आकृती, पॉटची मोजलेली मूल्ये आणि कंडेन्सरचा आकडा लिहून तो कागद मागच्या झाकणाच्या आत चिकटवावा, म्हणजे पुढे रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात झाकण उघडणाऱ्याला कोणती तार अर्थची आहे हे शोधत बसावे लागत नाही.